हरवलेल्या पॅकेटांचा इतिहास



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा प्रथम मनात संकोचच उभा राहिला. आजवर या व्यासपीठावरून ज्यांनी विचार मांडले ते बहुतेक इतिहासाचे, साहित्याचे किंवा संगीताचे अभ्यासक होते. इंदूरच्या मराठी माणसाला इतिहास म्हटला की होळकरांचे दप्तर, सनदा आणि पत्रव्यवहार आठवतो, आणि ते योग्यच आहे. मी मात्र उभे आयुष्य संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्यांच्या देखभालीत घालविले. या जाळ्यांनाही इतिहास आहे. तो फार जुना नाही, साठ वर्षांचा आहे. पण त्यात चुका आहेत, वाद आहेत आणि काही अतिशय सुंदर विचारही आहेत. त्या इतिहासातील एकच धागा मी आज हाती घेणार आहे. पाठविलेली गोष्ट वाटेत हरवते तेव्हा काय होते, आणि ती कोठे हरवली हे शोधायचे कसे, हा तो धागा होय.

ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हांला गणित शिकवीत. उत्तर बरोबर असले तरी मधली पायरी लिहिली नसेल तर ते गुण देत नसत. वहीवर तांबड्या शाईने "मधली पायरी?" एवढेच लिहिलेले असे. त्या वेळी आम्हांला तो अन्याय वाटे. पुढे ज्या एका प्रकरणात मला ही तांबडी शाई आठवली, त्याकडे मी शेवटी येणार आहे.

जुन्या पिढीतील श्रोत्यांना तारेचा कागद आठवत असेल. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्या तारेच्या मथळ्यावर शब्दांची संख्या लिहिलेली असे. ती केवळ पैसे आकारण्यासाठी नव्हती. घेणाऱ्या तारमास्तराने शब्द मोजावेत, आणि संख्या जुळली नाही तर मागच्या कचेरीला विचारावे, हाही तिचा उपयोग होता. म्हणजे संदेश वाटेत गळू शकतो हे गृहीत धरून त्यावरचा उपाय संदेशाच्या माथ्यावरच लिहून ठेवलेला होता. मात्र तारेच्या व्यवस्थेत प्रत्येक कचेरी आपापल्या टप्प्याची जबाबदारी घेत असे. संगणकांच्या जाळ्याने पुढे हीच गोष्ट उलटी केली.

१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रँड या संस्थेत पॉल बॅरन नावाचा अभियंता एका भीषण प्रश्नाचा विचार करीत होता. अणुयुद्धात दूरध्वनीची मध्यवर्ती केंद्रे उद्ध्वस्त झाली तर उरलेली माणसे एकमेकांशी बोलणार कशी? १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालमालेचे उत्तर असे होते की मध्यवर्ती केंद्रच असू नये. संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा आणि त्याला जी वाट मोकळी सापडेल तिने जाऊ द्यावे. थोड्याच काळाने इंग्लंडमध्ये टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोहोचला. त्याच्यापुढे युद्ध नव्हते. एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांनी वाटून घेताना तारांवर जो खोळंबा होई, त्यावर तो उपाय शोधीत होता. या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव डेव्हिसने दिले. नाव ठरविताना हा शब्द इतर भाषांत सहज जाईल ना, हे त्याने भाषातज्ज्ञाला विचारून घेतले होते. मराठीत तो जातो की नाही हे कोणी विचारले नसावे. पण आपल्याकडे 'पाकीट' पूर्वीपासूनच होते, आणि ते हरवण्याचा अनुभवही सर्वांना आहे.

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये 'आर्पानेट' हे जाळे सुरू झाले तेव्हा त्याची रचना काहीशी तारखात्यासारखी होती. पॅकेट नीट पोहोचविणे ही जाळ्याची जबाबदारी मानली होती, आणि संगणकांनी त्यावर विसंबून राहायचे होते. या कल्पनेला खरा धक्का दिला तो फ्रान्समध्ये. लुई पूझँ याने 'सिक्लाद' नावाचे जाळे उभारले. त्याचा सिद्धान्त असा की जाळ्याने कशाचीही हमी देऊ नये. पॅकेट पुढे ढकलावे, जागा नसेल तर टाकून द्यावे. काय पोहोचले, काय गहाळ झाले, काय पुन्हा पाठवायचे, हा हिशेब दोन टोकांच्या संगणकांनी ठेवावा. फ्रान्सच्या टेलिफोन खात्याला हा विचार मानवणे शक्यच नव्हते. पैसा आटला आणि १९८१ पर्यंत सिक्लाद संपले. पण विचार मेला नाही. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात पूझँच्या या तत्त्वाचे पडसाद स्पष्ट दिसतात. त्या निबंधातून जी टीसीपी-आयपी ही पद्धती घडली, ती १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटवर सक्तीची झाली. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याचा पाया असा घातला गेला की वाटेत वस्तू हरवेल, आणि ते जाळ्याचे पाप मानले जाणार नाही. पाठविणाराने पोचपावतीची वाट पाहावी. ठरावीक वेळात ती आली नाही तर पुन्हा पाठवावे.

"पुन्हा पाठवावे" हे दोन शब्द फार निरुपद्रवी दिसतात. तेच जाळ्याच्या मुळावर येऊ शकतात हे ज्यांना प्रथम उमगले त्यांत जॉन नेगल हा एक होता. जानेवारी १९८४ मधील एका टिपणात त्याने 'कंजेशन कोलॅप्स' हा शब्दप्रयोग केला. गर्दीने कोसळणे, असे आपण म्हणू. त्या वेळी त्या इशाऱ्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये ते प्रत्यक्ष घडले. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांच्यामध्ये अंतर ४०० यार्डांचे, म्हणजे साधारण ३६५ मीटरांचे. त्यांच्यामधील वाहतूक सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आली. ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरे. कोणी एक माणूस दोन पानांचे पत्र हातात घेऊन सावकाश चालत निघाला असता, तर तो जाळ्याच्या आधी पोहोचला असता. कोठे तार तुटलेली नव्हती, कोणते यंत्र बिघडलेले नव्हते. प्रत्येक संगणक नेमून दिलेले काम चोख करीत होता, आणि त्या सर्वांच्या चोखपणातूनच जाळे कोसळले होते.

हे कसे झाले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. घरात कार्य आहे, आणि माडीवरून सामान आणायला एक मुलगा पाठविला. तो वेळेवर परत आला नाही म्हणून दुसरा पाठविला, दुसरा आला नाही म्हणून तिसरा. जिना अरुंद. तिघेही जिन्यात एकमेकांना अडवून उभे. खाली यजमान चौथ्याला हाक मारतो आहे. पहिला मुलगा हरवलेला नव्हता, केवळ उशिरा येत होता. पण उशीर आणि हरवणे यांतला भेद यजमानाला कळत नव्हता. त्या काळच्या संगणकांना पोचपावतीला किती वेळ लागेल याची सरासरी काढता येत होती. त्या वेळेत चढउतार किती होतात हे मात्र ते लक्षात घेत नव्हते. गर्दी वाढली की पावती उशिरा येई, संगणक समजत की पॅकेट गेले, आणि त्याचीच दुसरी प्रत पाठवीत. रांगेत एकाच पत्राच्या चार चार प्रती उभ्या राहत, आणि नव्या पत्राला जागा उरत नसे.

लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील माइक कॅरल्स यांनी यावर जो उपाय काढला आणि १९८८ मध्ये जो निबंध म्हणून प्रसिद्ध झाला, तो मला या शतकांच्या सांध्यावरील अभियांत्रिकीतील अत्यंत देखण्या विचारांपैकी एक वाटतो. त्यांनी जाळे बदलले नाही, एकही नवी तार टाकली नाही. त्यांनी हरवण्याचा अर्थ बदलला. तारेत खराब होऊन नष्ट होणारी पॅकेटे त्या काळीही शेकड्यात एकाहून पुष्कळच कमी होती. तेव्हा पॅकेट हरवले, तर ते बहुतांशी कोठल्या तरी भरलेल्या रांगेतूनच गळाले असणार, असे जेकबसन म्हणतो. म्हणजे हरवणे हा अपघात नसून निरोप आहे: पुढे गर्दी आहे, दमाने घे. हा निरोप मिळताच पाठविणाराने आपला वेग निम्मा करावा, आणि पुढे सारे सुरळीत दिसले की एकेका पॅकेटाने हळूहळू वाढवावा. कोणीही पोलीस नेमलेला नसताना लक्षावधी अनोळखी संगणक एकमेकांसाठी वाट सोडू लागले, ते या एका समजुतीवर.

ही समजूत येथे मुद्दाम अधोरेखित करतो. हरवले म्हणजे पुढे रस्त्यावर गर्दी आहे, असे सगळे जग १९८८ पासून धरून चालले आहे. ते गृहीत जेथे खोटे ठरते, तेथे काय होते ते पुढे येईलच.

शोधाची साधनेही याच दशकात निर्माण झाली. 'पिंग' हे सर्वांत प्रसिद्ध. मेरिलँडमधील लष्करी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूसने ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवले: हाक मारायची आणि प्रतिध्वनी मोजायचा. गंमत अशी की ज्या बिघाडासाठी त्याने ते लिहिले, तो बिघाड साधन तयार होईपर्यंत नाहीसा झाला होता. मूस २००० मध्ये मोटार अपघातात वारला. त्याचे हे छोटेसे साधन आजही प्रत्येक संगणकावर आहे. जेकबसनच्या प्रयोगशाळेतूनच 'ट्रेसराउट' आणि 'टीसीपीडम्प' ही दोन साधने आली. पहिले वाटेतील मुक्काम दाखविते, दुसरे दाराशी उभे राहून येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट टिपून घेते.

भारतात हे सारे पोहोचले ते १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' प्रकल्पातून. त्याच्या प्रमुख केंद्रांपैकी एक मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत होते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले.

आता कथेत नवे पात्र येते. १९९० च्या दशकाच्या मध्यास एकाच संकेतस्थळावर इतके लोक येऊ लागले की एक संगणक पुरेना. इलिनॉय येथील एनसीएसए या संस्थेने १९९४ च्या सुमारास अनेक संगणक एकाच नावाखाली उभे करून पाहिले. लवकरच त्यांच्यापुढे उभे राहून येणारा प्रत्येक पाहुणा कोणत्या संगणकाकडे पाठवायचा हे ठरविणारी खास यंत्रे बाजारात आली. यांनाच लोड बॅलन्सर म्हणतात. हा पंगतीच्या दाराशी उभा असलेला कर्ता माणूस होय. कोणत्या ओळीत जागा आहे हे तो जाणतो, आणि कोणाला कोठे बसविले हे लक्षात ठेवतो. १९९८ मध्ये चीनमधील वेन्सोंग झांग या तरुणाने हेच काम साध्या लिनक्स संगणकावर करून दाखविले, आणि हे महागडे यंत्र केवळ आज्ञावलीच्या रूपात सर्वांना मिळाले.

दाराशी एकच कर्ता माणूस असला की त्याचीच दमछाक होते, हे ओघाने आलेच. १९९६ मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी एका विलक्षण अवस्थेचे वर्णन केले. पॅकेट आले की यंत्रात घंटी वाजते आणि संगणक हातातले काम टाकून दाराशी जातो. पॅकेटे फार वेगाने येऊ लागली की तो सारा वेळ दाराशीच धावतो, आत आणलेले एकही पत्र उघडून वाचीत नाही, आणि शेवटी ती सारी केरात जातात. बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र अतिशय कामात दिसते. सरकारी कचेऱ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही अवस्था अधिक समजावून सांगायला नको.

दुसरीकडे संगणकाच्या पोटात संगणक मांडण्याची विद्या वाढत होती. आय.बी.एम.ने ती १९६० च्या दशकातच साधली होती. पण ती स्वस्त यंत्रांवर आली ती १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीमुळे, आणि पुढे २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून आलेल्या 'झेन'मुळे. ॲमेझॉनने २००६ मध्ये असे आभासी संगणक तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. एका लोखंडी यंत्रात वीस बिऱ्हाडे राहू लागली. प्रत्येकाला वाटावे की घर आपले एकट्याचे आहे, हीच या विद्येची करामत. मग लोड बॅलन्सर तरी वेगळे यंत्र कशाला? तोही एक भाडेकरू झाला.

येथे जुन्या विद्येचे सारे ठोकताळे डळमळले. पूर्वी पॅकेट तारेतून येई आणि यंत्रात शिरे. आता ते तारेतून यजमान यंत्राच्या कार्डावर येते, तेथून यजमानाच्या कार्यप्रणालीत, तेथून आभासी स्विचमध्ये, तेथून आभासी तारेच्या रांगेत, तेथून पाहुण्या यंत्राशी सामाईक असलेल्या एका गोलाकार रांगेत, आणि मग कोठे पाहुण्याच्या हाती पडते. प्रत्येक दरवाज्याशी रांग आहे, प्रत्येक रांगेला मर्यादा आहे, आणि प्रत्येक मर्यादेपाशी पॅकेट गळू शकते. गळाल्याची नोंद ज्याच्या त्याच्या वहीत होते. ती वही पाहण्याचा अधिकार मात्र निरनिराळ्या माणसांना असतो.

पॅकेट गळण्याच्या इतरही वाटा आहेत. आभासी जाळ्यात पॅकेटावर आणखी एक वेष्टन चढते. त्याचे वजन काही ठिकाणी ५० बाइट भरते, आणि मग १,५०० बाइटांच्या नेहमीच्या दारातून भरलेले पॅकेट आत शिरत नाही. अशा वेळी वाटेतील यंत्राने "लहान पॅकेट पाठवा" असा निरोप उलट धाडावा, असा संकेत १९९० पासून आहे. पण लोड बॅलन्सरच्या मागे दहा संगणक असले तर हा निरोप भलत्याच संगणकाच्या हाती पडतो आणि खरा पाठविणारा अंधारात राहतो. हा घोळ इतका सर्वत्र झाला की २०१६ मध्ये त्यावर स्वतंत्र टिपण काढावे लागले. दुसरी वाट स्मरणाची. लिनक्सचा पहारेकरी प्रत्येक जोडणी आपल्या वहीत लिहून ठेवतो, आणि न मिटलेली जोडणी मुळातल्या नियमाप्रमाणे पाच दिवस खोडीत नाही. वही भरली की नव्या पाहुण्याला दारातूनच परत लावतो. गूगलसारख्या कंपन्यांनी या साऱ्या दरवाज्यांना वळसा घालून पॅकेट थेट कार्डावरून उचलणारा आपला बॅलन्सर रचला. २००८ पासून वापरात असलेल्या त्या व्यवस्थेची माहिती त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडील लहान कचेऱ्यांना तशी चैन परवडत नाही.

आता ते प्रकरण. २०१४ साली एका संस्थेने मला बोलाविले. नाव सांगण्याचे कारण नाही. प्रवेशपरीक्षेचे अर्ज संगणकावरून भरून घेण्याचे काम तिच्याकडे होते. शेवटच्या दोन दिवसांत खेड्यापाड्यांतून तक्रारी आल्या की अर्ज भरता भरता पान गोठते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शहरातून तक्रार जवळजवळ नव्हती. कचेरीने त्याचा सोपा अर्थ लावला: खेड्यातले नेटवर्क खराब आहे, त्याला आम्ही काय करणार. मुदत वाढवून देण्यास नकार देणारे पत्र टंकून तयार होते. माझ्याकडून त्यांना खरे तर त्या पत्राला जोडण्यासाठी एक दाखला हवा होता.

त्यांनी मला पिंगचा निकाल दाखविला: दहा हाका, दहा उत्तरे, शून्य टक्के नुकसान. तो सकाळच्या रिकाम्या वेळी, कचेरीतूनच घेतलेला होता. बॅलन्सरच्या प्रोसेसरचा आलेख दाखविला. तो पाच पाच मिनिटांच्या सरासरीचा होता आणि अगदी निवांत दिसत होता. बॅलन्सरच्या आभासी कार्डावर गळलेल्या पॅकेटांचा आकडा शून्य होता. तिन्ही उत्तरे बरोबर होती. आणि मला तांबड्या शाईची आठवण झाली.

संध्याकाळी गर्दीच्या वेळी मी एक तासभर पिंग चालू ठेवले. हरवलेली उत्तरे अगदी थोडी होती. पण अधूनमधून एखादे उत्तर वीस-पंचवीस मिलिसेकंद उशिरा येई, ते का? बॅलन्सर त्याच इमारतीत होता. इतक्या जवळ उशीर व्हायला रस्ता नसतो. म्हणजे कोणीतरी उत्तर द्यायला जागेवर नव्हते. आभासी यंत्रात एक रकाना असतो, त्याला इंग्रजीत चक्क 'चोरी' याच अर्थाचा शब्द आहे. आपल्या वाट्याचा किती वेळ शेजारी बिऱ्हाडांनी नेला, हे तो दाखवितो. तेथे तीन टक्क्यांच्या आसपास आकडा होता. तीन टक्के कोणाला मोठे वाटले नव्हते.

तीन टक्क्यांत काय बिघडते ते एका उदाहरणाने पाहू. सेकंदाला ५०,००० पॅकेटे येत आहेत असे धरा. सेकंदातून एकदाच, सलग ३० मिलिसेकंद बॅलन्सरला प्रोसेसर मिळाला नाही. तो झोपविला गेला. तेवढ्यात १,५०० पॅकेटे दाराशी आली. गोलाकार रांगेत २५६ आणि आभासी तारेच्या रांगेत ५०० मावतात, एकूण ७५६. अशा व्यवस्थांत नेहमी आढळणारे हे आकडे आहेत. उरलेली ७४४ गळाली. सेकंदाच्या हिशेबाने दीड टक्का. बॅलन्सर जागा होतो तेव्हा रांग भरलेली दिसते, ती तो झपाट्याने उपसतो, आणि आपल्या वहीत लिहितो: नुकसान शून्य. ते खोटे नाही. गळलेली पॅकेटे त्याच्या उंबरठ्याच्या आत आलीच नव्हती.

मधली पायरी यजमान यंत्राच्या वहीत होती. ते यंत्र दुसऱ्या ठेकेदाराच्या ताब्यात होते आणि वही पाहण्याची परवानगी मिळायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत जाळे सांभाळणारे आपला शून्य दाखवीत, बॅलन्सर सांभाळणारे आपला, आणि यजमान यंत्राचे ठेकेदार म्हणत की आमच्याकडे तक्रारच नाही. परवानगी मिळाल्यावर शेवटच्या दिवसाचे आकडे तेथे साठलेले सापडलेच. शिवाय कृत्रिम गर्दी निर्माण करून आम्ही यजमानावर आणि पाहुण्यावर एकाच वेळी टीसीपीडम्प लावले. यजमानाच्या आभासी स्विचकडे आलेले पॅकेट पाहुण्याकडे दिसत नव्हते. मधल्या आभासी तारेवरील गळतीचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता. कारणही तेथेच उभे होते. अर्जांचा डेटाबेस आणि बॅलन्सर एकाच लोखंडी यंत्रात भाडेकरू होते. गर्दी वाढली की डेटाबेस प्रोसेसर ओढून घेई, आणि नेमक्या त्याच वेळी द्वारपालाला डुलकी लागे.

पण मग शहरातून तक्रार का नव्हती? गळती तर सर्वांना सारखीच होती. येथे जेकबसनची ती समजूत आडवी येते. पॅकेट हरवले, म्हणून पाठविणारा संगणक समजतो की रस्त्यावर गर्दी आहे, आणि वेग निम्मा करतो. रस्ता मोकळाच असतो. झोपलेला असतो तो दाराशीचा माणूस. निम्मा झालेला वेग पुन्हा वाढायचा तो पोचपावत्यांच्या तालावर. १९९७ मध्ये मॅथिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचे सूत्र मांडले: मिळणारा वेग हा पावतीला लागणाऱ्या वेळाच्या व्यस्त प्रमाणात, आणि नुकसानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. शहरातल्या मुलाची पावती २० मिलिसेकंदांत येते, खेड्यातल्या मोबाइलवरून अर्ज भरणाऱ्या मुलीची ४०० मिलिसेकंदांत. दोघांचे नुकसान एकच, पण तिचा वेग त्याच्या विसाव्या हिश्श्याने. छायाचित्र आणि सही चढवायला त्याला लागलेला जादा वेळ त्याच्या लक्षातही आला नसेल. तिचे काम तीस सेकंदांत पुरे झाले नाही तर बॅलन्सर जोडणी तोडून टाकी, तशी मर्यादाच घालून ठेवलेली होती. मग सारे पहिल्यापासून. समान वाटलेले नुकसान दोघांच्या पदरात असे विषम पडले होते, आणि ज्याच्या पदरात अधिक पडले त्यालाच दोष दिला जात होता.

दुरुस्तीला एक दुपार लागली. बॅलन्सर वेगळ्या यंत्रावर हलविला, त्याला प्रोसेसरचे दोन गाभे कायमचे बांधून दिले, गोलाकार रांग १,०२४ ची केली. पुन्हा तीच कृत्रिम गर्दी घातली. गळतीचा आकडा जेथल्या तेथे थांबला.

मी अहवालात आकडे लिहिले आणि नुकसान अर्जदारांच्या बाजूला नसून संस्थेच्या दारात झाले, एवढे एक वाक्य लिहिले. ते वाक्य सौम्य करावे असा आग्रह झाला. मी केले नाही. मुदत तीन दिवसांनी वाढली. ज्यांचे अर्ज अर्धवट राहिले होते त्यांना मोबाइलवर संदेश गेला, कारण त्यांचे क्रमांक नोंदणीच्या पहिल्या पानावर घेतलेले होते. ज्यांचे पहिले पानच पोहोचले नव्हते त्यांचे क्रमांक कोणाकडेच नव्हते. त्यांच्यासाठी एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची जाहिरात आली.